रस्त्याखालची गुंडाळी आणि वरून धावणारी गाडी

ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळपास २८ मीटर पुढे सरकते. रस्त्याच्या पोटात एक मीटर लांबीची तांब्याच्या तारेची गुंडाळी पुरून ठेवली आहे असं समजा. गाडी तिच्यावरून गेली, तर तिचा तिथला मुक्काम साधारण ३६ मिलिसेकंदांचा. पापणी लवायला याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. एवढ्या वेळात, मध्ये कुठलीही वायर नसताना, खालून वर वीज जाऊ शकते का? आणि गेलीच, तर बॅटरीला तिचा काही उपयोग होतो का?

वीज जाते, आणि उपयोगही होतो. फक्त तो उपयोग नेमका कोणता, यावर लोकांचा बराच गोंधळ असतो. "गाडी चालता चालता चार्ज होईल, चार्जिंगला थांबायला नको" एवढंच ऐकून बहुतेक जण खूश होतात. मला यातली मोठी गोष्ट वेगळीच वाटते. रस्त्यातून वीज मिळू लागली की अवजड गाड्यांना भलीमोठी बॅटरी सोबत वाहून न्यावी लागत नाही. तिथपर्यंत पोचायला आधी वीज हवेतून उडी कशी मारते ते बघू.

तारेतून वीज वाहू लागली की तारेभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. वीज सारखी दिशा बदलणारी असेल, तर ते क्षेत्रही वाढतं, ओसरतं, उलटं होतं, पुन्हा वाढतं. अशा बदलत्या क्षेत्रात दुसरी गुंडाळी आणून धरली, की तिच्यात विजेचा दाब निर्माण होतो. दोन्ही गुंडाळ्या एकमेकींना शिवत नाहीत, तरी एकीतली ऊर्जा दुसरीत जाते. मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये हे प्रयोगाने दाखवलं. विजेच्या खांबावरचा ट्रान्सफॉर्मर याच तत्त्वावर चालतो, आणि पॅडवर ठेवून चार्ज होणारा फोनही.

ट्रान्सफॉर्मरमध्ये दोन्ही गुंडाळ्या एकाच लोखंडी गाभ्यावर गुंडाळलेल्या असतात. चुंबकीय रेषांना भरकटायला वावच नसतो; पहिलीतून निघालेल्या जवळजवळ सगळ्या रेषा दुसरीतून जातात. फोन पॅडवर ठेवला तर मध्ये काही मिलिमीटरचं अंतर असतं. गाडीचं तसं नाही. रस्त्यातली गुंडाळी डांबराखाली, गाडीतली गुंडाळी गाडीच्या पोटाखाली, आणि मध्ये १५ ते २५ सेंटिमीटरची फट. खालून निघालेल्या रेषांपैकी दहाव्या हिश्शापासून फार तर तिसऱ्या हिश्शापर्यंतच रेषा वरच्या गुंडाळीत पोचतात.

इथे एक गैरसमज हमखास होतो. पाचवा हिस्सा वर पोचला म्हणजे उरलेली ८० टक्के वीज वाया गेली, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. जे क्षेत्र वरच्या गुंडाळीला भेटत नाही, ते ओसरताना आपली ऊर्जा खालच्या गुंडाळीलाच परत करतं. ऊर्जा हरवत नाही, ती खालच्या खाली ये-जा करत राहते. तोटा होतो तो या ये-जा करणाऱ्या मोठ्या प्रवाहाने तार तापते म्हणून. त्यामुळे अभियंत्यांपुढे दोन कामं उरतात: ही ये-जा कमीत कमी कष्टात घडवायची, आणि तारेला तापू द्यायचं नाही.

पहिल्या कामाचं उत्तर म्हणजे अनुनाद. झोपाळ्याला योग्य क्षणी हलका धक्का देत राहिलं की तो चांगला उंच जातो. अवेळी कितीही जोर लावला तरी जात नाही. गुंडाळीला योग्य मापाचा कपॅसिटर, म्हणजे वीज क्षणभर साठवून परत देणारा भाग, जोडला, की त्या जोडीलाही झोपाळ्यासारखी स्वतःची एक लय येते. ऊर्जा गुंडाळीतून कपॅसिटरमध्ये आणि कपॅसिटरमधून गुंडाळीत हेलकावे घेते. रस्त्यातली जोडी आणि गाडीतली जोडी एकाच लयीला जुळवली, की मधली फट मोठी असूनही ऊर्जा भराभर वर चढते. सतारीत वरची तार छेडली की त्याच सुरात लावलेली खालची तरफेची तार हात न लावता वाजू लागते, तसंच हे. सूर उतरला की तरफ गप्प. गाडीच्या बाबतीतही लय थोडी बिघडली की वीज घटते.

दुसऱ्या कामासाठी तार बघावी लागते, आणि ती जवळून बघण्यासारखी आहे. साध्या जाड तांब्याच्या तारेने इथे काम भागत नाही. वीज वेगाने दिशा बदलू लागली की ती तारेच्या आतून वाहायचं टाळते आणि पृष्ठभागालगत गोळा होते. या कामात वापरतात त्या वारंवारतेला (वीज सेकंदाला किती आवर्तनं करते तो आकडा) तांब्यात ती पाव मिलिमीटरसुद्धा आत शिरत नाही. जाड तारेचा गाभा नुसता बसून राहतो. म्हणून केसाइतक्या बारीक शेकडो-हजारो तारा घेतात, प्रत्येकीवर वेगळा इन्सुलेशनचा लेप देतात आणि त्या पिळून एक केबल करतात. पीळ असा असतो की प्रत्येक तार कधी आत, कधी बाहेर येत राहते. तिला लिट्झ वायर म्हणतात. अशी केबल कापून टोक बघितलं तर दोरखंडाचं टोक उसवल्यासारखं दिसतं. गुंडाळीमागे फेराइट या चुंबकीय पदार्थाच्या काळ्या, ठिसूळ फरश्या बसवलेल्या असतात. त्या चुंबकीय रेषांना हव्या त्या दिशेला वळवतात. गाडीच्या बाजूला त्यावर अल्युमिनियमचा पत्रा असतो, म्हणजे क्षेत्र प्रवाशांपर्यंत चढत नाही.

आता वारंवारतेबद्दल. घरात येणारी वीज सेकंदाला ५० किंवा ६० आवर्तनं करते. या कामाला ती फारच संथ. क्षेत्र जितक्या झपाट्याने बदलेल, तितका वरच्या गुंडाळीत दाब जास्त. म्हणून रस्त्याकडेच्या पेटीत आधी विजेचं डीसीत, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेत, रूपांतर करतात, मग इन्व्हर्टरने पुन्हा एसी, म्हणजे दिशा बदलणारी, करतात, पण सेकंदाला हजारो आवर्तनांची. छोट्या गाड्यांच्या वायरलेस चार्जिंगसाठी एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने २०२० मध्ये ‘जे-२९५४’ (J2954) नावाचं मानक पक्कं केलं. त्यात ८५ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ८५ हजार आवर्तनांच्या आसपासचा पट्टा ठरला आहे. गाडीत पोचलेली वीज पुन्हा डीसी होते आणि मग बॅटरीत जाते.

हा आकडा घेऊन सुरुवातीच्या ३६ मिलिसेकंदांकडे परत या. तेवढ्या वेळात चुंबकीय क्षेत्राची तीन हजारांवर आवर्तनं होऊन जातात. एका आवर्तनाच्या काळात गाडी किती पुढे सरकते? ताशी १०० किलोमीटर वेगालाही मिलिमीटरच्या जेमतेम एक-तृतीयांश. चुंबकीय क्षेत्राच्या दृष्टीने गाडी जवळजवळ उभीच आहे. हे गणित पहिल्यांदा मांडलं तेव्हा माझ्या डोक्यातलं एक मोठं कोडं सुटलं. वेग ही भौतिकशास्त्राची अडचण नाही. वेगामुळे अडचण येते ती व्यवस्थापनाची: गाडी आली हे वेळेत ओळखायचं कसं, आणि नेमकी तेवढीच गुंडाळी चालू करून लगेच बंद कशी करायची.

फोनच्या पॅडने हा प्रश्न छोट्या प्रमाणावर सोडवलेला आहे. पॅड रिकामा असताना सतत वीज सोडत नाही. थोड्या थोड्या वेळाने एक क्षीण झटका देऊन तो चाचपतो: वर कोणी आहे का? फोन असला तर तो त्याच क्षेत्रातून उत्तर देतो, आणि मगच खरी वीज सुरू होते. नुसती किल्ली ठेवली तर उत्तर येत नाही, पॅड गप्प बसतो. रस्त्यालाही हेच करायचं आहे, पण त्याच्याकडे वेळ फार कमी असतो. म्हणून गाडीची ओळख आधीच पटवून घेतात. तिच्यात वीज घेणारी गुंडाळी आहे का, तिला किती वीज हवी, बिल कोणाच्या नावावर लावायचं, हे सगळं गुंडाळ्यांचा टप्पा सुरू व्हायच्या आत रेडिओ संदेशांनी ठरतं. मग गाडी पुढे सरकेल तशा गुंडाळ्या एकामागून एक जाग्या होतात आणि मागच्या झोपतात. शेजारच्या लेनमधून चालत्या पेट्रोल गाडीखाली काहीच घडत नाही.

बाजूला सरकण्याचा प्रश्न मात्र उरतो. चालक लेनच्या अगदी मध्यावर गाडी ठेवतोच असं नाही. दहा-पंधरा सेंटिमीटर डावी-उजवीकडे झालं तरी चालावं अशा आकाराच्या गुंडाळ्या बनवतात, पण त्यापलीकडे वीज झपाट्याने उतरते. गाडी स्वतःच लेन धरून चालू लागली, तर हा प्रश्न पुष्कळ सोपा होईल.

आता बेरीज-वजाबाकी करू, कारण या विषयातला खरा निवाडा तिथेच होतो.

साधारण मोटार महामार्गावर ताशी १०० किलोमीटर वेगाने चालवायला १८ किलोवॅटच्या आसपास शक्ती लागते. रस्ता तिला चालता चालता २० किलोवॅट देतो असं धरा. एक किलोमीटर जायला ३६ सेकंद लागतात, तेवढ्यात ०.२ युनिट वीज मिळते, आणि तेवढ्याच अंतराला ०.१८ युनिट खर्च होते. म्हणजे एक किलोमीटर रस्त्याने साधारण एक किलोमीटरचीच सोय केली. बॅटरी जेवढी होती तेवढीच राहिली. इटलीत ब्रेशा आणि मिलान यांच्यामधल्या ए-३५ महामार्गाजवळ कियारी इथे १,०५० मीटरचा असा गोल मार्ग बांधला होता. तिथे २०२२ मध्ये छोटी फियाट ५०० गाडी बॅटरीतली साठवलेली वीज न खर्चता महामार्गाच्या वेगाने धावली. म्हणजे मोटारीला असा रस्ता टाकी भरून देत नाही. जोवर ती त्यावर आहे, तोवर तो तिला फक्त उचलून धरतो.

पण वेग कमी केला की चित्र बदलतं. गुंडाळीतून मिळणारी ऊर्जा तिच्यावर किती वेळ घालवला यावर ठरते. २० किलोवॅट देणाऱ्या त्या एक मीटरच्या गुंडाळीवरून ताशी १०० किलोमीटर वेगाने गेलं तर ७२० ज्यूल (ज्यूल हे ऊर्जेचं एकक) मिळतात. ताशी २० ने गेलं तर ३,६००. आणि लाल सिग्नलला तिच्यावर अर्धा मिनिट थांबलं तर ६ लाख! म्हणून महामार्गावरच्या धावत्या गाड्यांची चित्रं बघताना मला नेहमी वाटतं, की ही कल्पना सगळ्यात सहज रुजेल ती जिथे गाड्या रेंगाळतात तिथे. सिग्नल, बसथांबे, टॅक्सीच्या रांगा, बंदरातले कंटेनर उचलणारे ट्रक, चढाचे रस्ते.

शहरातल्या बसचं उदाहरण घ्या. थांब्याखाली १०० किलोवॅटच्या गुंडाळ्या आहेत आणि बस वीस सेकंद थांबते. तिला साधारण ०.५५ युनिट मिळतात. शहरातली मोठी बस किलोमीटरला एक ते सव्वा युनिट खाते. म्हणजे वीस सेकंदांत जवळपास अर्ध्या किलोमीटरची सोय झाली. पुढचा थांबाही बऱ्याचदा तेवढ्याच अंतरावर असतो. चालकाने केबल लावायची नाही, डेपोत तासन् तास उभं राहायचं नाही, आणि दिवसभर पुरेल एवढी बॅटरी छताखाली बाळगायची नाही.

दक्षिण कोरियातल्या काइस्ट या विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेने नेमका हाच विचार केला. गुमी शहरात २०१३ मध्ये त्यांच्या बसगाड्या २४ किलोमीटरच्या मार्गावर धावू लागल्या. बसचा तळ आणि रस्ता यांत १७ सेंटिमीटरचं अंतर, २० किलोहर्ट्झची वारंवारता, १०० किलोवॅट शक्ती आणि ८५ टक्क्यांपर्यंत कार्यक्षमता. मार्गाचा फक्त ५ ते १५ टक्के भाग गुंडाळ्यांचा ठेवला की पुरतं, आणि बसची बॅटरी नेहमीच्या विजेच्या बसच्या साधारण एक-तृतीयांश चालते, असं त्यांचं म्हणणं होतं. सगळा रस्ता खोदायचा नाही, योग्य जागा निवडायच्या, ही त्यांच्या कामातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी शिकवण.

ट्रकचं गणित आणखी बोलकं आहे. ४० टनांचा भरलेला ट्रक ताशी ८० किलोमीटर वेगाने चालवायला १०० ते १२० किलोवॅट लागतात. त्याला एका दमात ५०० किलोमीटर जायचं तर ६०० युनिटच्या वरची बॅटरी हवी. अशी बॅटरी साडेतीन-चार टनांची होते. म्हणजे प्रत्येक फेरीत तेवढा माल कमी, आणि तेवढं वजन ओढायला वीज जास्त. हे जाता-येता कायमचं ओझं. पॅरिसच्या नैर्ऋत्येला ए-१० महामार्गाच्या दीड किलोमीटर पट्ट्यात गुंडाळ्या बसवून २०२५ मध्ये चालत्या ट्रक, बस, व्हॅन आणि मोटारीवर चाचण्या झाल्या. त्यात सरासरी २०० किलोवॅटहून जास्त शक्ती मिळाल्याचं जाहीर झालं. २०० मिळाले आणि ११० लागले, तर उरलेले ९० किलोवॅट बॅटरीत जातात. याचा अर्थ असा, की महामार्गाचा जेमतेम निम्मा-साठ टक्के भाग असा असला तर ट्रक तत्त्वतः थांबल्याशिवाय चालत राहू शकतो, आणि बॅटरी लागते ती फक्त मधली मोकळी अंतरं ओलांडायला आणि महामार्ग सोडून गोदामापर्यंत जायला. चार टनांचं ओझं एका टनावर आलं, तर लिथियम, निकेल, पैसा आणि रस्त्याची झीज या सगळ्यांतच बचत होते.

ही कल्पना नवी आहे असं मात्र कोणी समजू नये. मोरिस ह्युटिन आणि मोरिस लब्लां या दोन फ्रेंच अभियंत्यांना रुळांवरच्या गाड्यांना अशीच, न शिवता वीज पुरवण्याच्या पद्धतीचं अमेरिकी पेटंट १८९४ मध्ये मिळालं होतं. मग जवळजवळ एक शतक ती कागदावरच राहिली. कॅलिफोर्नियात १९८० आणि १९९० च्या दशकांत रस्त्यातून वीज घेणाऱ्या बसवर मोठं काम झालं. तिथे वारंवारता होती ४०० हर्ट्झ, फट फक्त साडेसात सेंटिमीटर, तरी कार्यक्षमता ६० टक्क्यांच्या आसपासच. ४०० हर्ट्झ हा माणसाच्या कानाला ऐकू येणारा आवाज, यंत्रणा गुणगुणायची. पुढे न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात जॉन बॉइज आणि ग्रँट कोव्हिक यांनी अनुनाद आणि नियंत्रण यांची घडी नीट बसवली. त्यांची पद्धत आधी कारखान्यांतल्या आपोआप चालणाऱ्या गाड्यांमध्ये रुळली आणि मग मोटारींकडे आली. या सगळ्या काळात तत्त्व फॅरेडेचंच होतं. बदलले ते विजेचे स्विच. सेकंदाला हजारो वेळा मोठे प्रवाह चालू-बंद करणारे, फारसे न तापणारे अर्धवाहक स्विच, अलीकडे सिलिकॉन कार्बाइडचे, हाती आले आणि जुनी कल्पना चालती झाली.

गेल्या काही वर्षांत जागोजागी छोटे पट्टे झाले. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर विमानतळ आणि विस्बी शहर यांच्यामधल्या ४.१ किलोमीटर रस्त्यापैकी १.६ किलोमीटरमध्ये गुंडाळ्या घातल्या आणि त्यावर ट्रक व बस चालवल्या. अमेरिकेत डेट्रॉइटच्या फोर्टीन्थ स्ट्रीटवर नोव्हेंबर २०२३ मध्ये पाव मैलाचा पट्टा सुरू झाला. सार्वजनिक रस्त्यावरचा अमेरिकेतला तो पहिला. तिथल्याच इंडियाना राज्यात पर्ड्यू विद्यापीठाने अवजड ट्रकना महामार्गाच्या वेगाने वीज देण्यासाठी काँक्रीटच्या रस्त्यात गुंडाळ्या पुरल्या.

डांबर की काँक्रीट हा तपशील वरवरचा नाही. माझ्या मते या तंत्रज्ञानाचं भवितव्य विजेपेक्षा रस्त्यावरच जास्त अवलंबून आहे.

गुंडाळी बसवताना काय होतं ते डोळ्यांसमोर आणा. लेनच्या मध्ये डांबर कापून उथळ चर काढतात. त्यात रबरी आवरणातल्या गुंडाळ्या एकापुढे एक मांडतात. प्रत्येकीची केबल बाजूला काढून रस्त्याकडेच्या पेटीपर्यंत नेतात. मग वर गरम डांबर येतं, दीडशे अंशांच्या आसपासचं, आणि त्यावरून काही टन वजनाचा रोलर फिरतो. गुंडाळीला आधी हे सगळं सोसायचं आहे. नंतर वर्षानुवर्षं ट्रकची चाकं, उन्हाने फुगणं, थंडीने आखडणं, फटीतून झिरपणारं पाणी. डांबर आणि गुंडाळीचं आवरण एकाच प्रमाणात फुगत नाहीत. जिथे दोन वेगळे पदार्थ भेटतात तिथूनच भेग वर यायला लागते. भेगेत पाणी शिरतं, थंड प्रदेशात ते गोठून आणखी जागा करतं. शिवाय डांबरी रस्त्याचा वरचा थर काही वर्षांनी खरवडून काढून नवा घालावा लागतो. खरवडणाऱ्या यंत्राचे दात काही सेंटिमीटर खोल जातात. गुंडाळी त्याच्या आवाक्याबाहेर खोल ठेवावी, तर मधली फट वाढते आणि वीज घटते. वर ठेवावी, तर दुरुस्तीत तुटते. ही ओढाताण कुठल्याही सूत्राने सुटत नाही. ती रस्ता बांधणाऱ्या माणसाने आणि विजेच्या अभियंत्याने एकत्र बसूनच सोडवावी लागते. आणि बॅटरी बिघडली तर एक गाडी थांबते. इथे एक टप्पा बिघडला तर लेन बंद करून रस्ता उकरावा लागतो.

सुरक्षेबद्दल लोक विचारतात, आणि विचारायलाच हवं. या वारंवारतेच्या चुंबकीय क्षेत्रासाठी आयसीएनआयआरपी या आंतरराष्ट्रीय आयोगाने २०१० मध्ये सर्वसामान्य लोकांकरिता २७ मायक्रोटेस्ला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) ही संदर्भ-मर्यादा दिली आहे. पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्रही याच आसपासचं असतं, पण ते स्थिर असतं. सेकंदाला हजारो वेळा उलटणाऱ्या क्षेत्राशी त्याची थेट तुलना करू नये. दोन गुंडाळ्यांच्या मध्ये क्षेत्र या मर्यादेच्या कितीतरी वर असतं. तिथे माणूस नसतो, वर गाडीचा धातूचा तळ आणि अल्युमिनियमचा पत्रा असतो, आणि बाजूला अंतर वाढेल तसं क्षेत्र झपाट्याने विरळ होतं. गाडीच्या आत आणि कडेला मर्यादेखाली राहिलंच पाहिजे, हे मोजून दाखवावं लागतं. पेसमेकर असलेल्या व्यक्तींचा विचार मानकांत वेगळा केलेला आहे. रस्त्यावर पडलेला पत्र्याचा तुकडा या क्षेत्रात इंडक्शन शेगडीवरच्या भांड्यासारखा तापू शकतो. धावत्या गाडीखाली तो क्षणभरच क्षेत्रात असतो, पण उभ्या गाडीखाली बराच वेळ, म्हणून तिथे परकी वस्तू ओळखून वीज तोडणारी यंत्रणा लागतेच.

तोट्याचा हिशेबही प्रामाणिकपणे मांडायला हवा. उभ्या गाडीखाली गुंडाळ्या नीट जुळल्या तर नव्वद टक्क्यांच्या पुढे कार्यक्षमता मिळते, आणि केबलने चार्ज करतानाही काही टक्के वीज वाया जातेच, त्यामुळे फरक फार नाही. धावत्या गाडीत जुळणी सतत बदलते, म्हणून आकडा खाली येतो. लाखो गाड्यांच्या हिशेबात पाच-दहा टक्के म्हणजे किरकोळ नव्हे.

आणि खर्च. स्वीडनने हॉल्सबर्ग आणि ओरेब्रो यांच्यामधल्या ई-२० महामार्गावर २१ किलोमीटरचा कायमस्वरूपी विजेचा रस्ता ठरवला होता. निविदा आल्या त्या ठरलेल्या पैशांत न बसणाऱ्या, आणि २०२३ मध्ये काम थांबवावं लागलं. यामागे एक जुना पेच आहे: रस्त्यात गुंडाळ्या नाहीत म्हणून कोणी गाडीत गुंडाळी बसवत नाही, आणि गाड्यांत गुंडाळ्या नाहीत म्हणून कोणी रस्ता खोदत नाही. दरम्यान बॅटऱ्या स्वस्त होत चालल्या आहेत. २०१० च्या सुमारास एका युनिटच्या क्षमतेला हजार डॉलरहून जास्त लागत. २०२४ मध्ये जागतिक सरासरी ११५ डॉलरच्या आसपास आली. बॅटरी लहान करण्यातून होणारी बचतच आता पूर्वीइतकी मोठी राहिलेली नाही. मोटारींपुरतं बोलायचं तर हा मुद्दा मला निर्णायक वाटतो. घरी किंवा कामाच्या जागी तासन् तास उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी महामार्ग खोदण्यात फारसा अर्थ नाही.

ट्रकसाठी आणखी दोन स्पर्धक आहेत. एक म्हणजे रेल्वेसारख्या डोक्यावरच्या तारा. जर्मनीने ए-५ महामार्गावर २०१९ पासून काही वर्षं त्या चालवून पाहिल्या. दुसरा, रस्त्यात बसवलेला विजेचा रूळ आणि त्याला गाडीखालून टेकणारा हात. स्टॉकहोमच्या अरलांडा विमानतळाजवळ २०१८ मध्ये दोन किलोमीटरचा असा रस्ता सुरू झाला. दोन्हींत थेट स्पर्श असतो, त्यामुळे वीज जवळजवळ न गळता येते. पण तारांपर्यंत मोटारी पोचत नाहीत, आणि रुळात चिखल, खडी, बर्फ साचतं. गुंडाळीला झिजणारा भागच नाही, वर काही दिसत नाही, आणि ट्रकपासून मोटारीपर्यंत कोणीही तिच्यावरून जाऊ शकतं. शेवटी विजेची किंमत मोजायची की देखभालीची, हे प्रत्येक मार्गावर वेगळं ठरेल.

पुरवठ्याचाही आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. शंभर मीटरला एक असे ट्रक चालले आहेत आणि प्रत्येकाला १५० किलोवॅट द्यायचे आहेत, तर एका दिशेच्या एका किलोमीटरला दीड मेगावॅट लागतात. वीस किलोमीटरला तीस. म्हणजे महामार्गाच्या कडेने ठराविक अंतरावर उपकेंद्रं आलीच. त्यातली जमेची बाजू अशी, की ही मागणी दिवसभर, लांबलचक पट्ट्यावर पसरते. संध्याकाळी घरी आलेल्या सगळ्यांनी एकदम केबल लावल्यासारखी एका तासात कोसळत नाही.

जपानमधल्या काशिवा शहरात टोकियो विद्यापीठाच्या संशोधकांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये सार्वजनिक रस्त्यावर चाचणी सुरू केली. गुंडाळ्या पुरल्या त्या सिग्नलच्या अलीकडे, थांबण्याच्या पट्टीपाशी. गाडी सिग्नलजवळ येते, वेग कमी होतो, पट्टीमागे थांबते. त्या क्षणी, आणि गाडी वर असेल तेवढाच वेळ, खालच्या गुंडाळीत वीज खेळते. सिग्नल हिरवा होतो, गाडी निघते, आणि डांबराखाली पुन्हा सगळं शांत.